दोन कानांचा इतिहास

कासार आंबोलीला आमच्याकडे येणारा पाहुणा दोन ठिकाणी हमखास चुकतो. एकदा गावाच्या बाबतीत आणि एकदा रिसीव्हरच्या बाबतीत.

गावाचं असं आहे की, नुसतं 'आंबोली' सांगितलं तर माणूस सावंतवाडीच्या घाटात जाऊन धबधब्याखाली उभा राहतो आणि तिथून फोन करतो, "पोचलो, आता कुठं वळू?" आमची आंबोली ती कासार आंबोली. मुळशी तालुक्यात, पुण्याहून पौडकडे निघालं आणि पिरंगुट मागं पडलं की येते. पाऊस आमच्याकडेही पडतो, पण तो बघायला कुणी गाडी करून येत नाही. मुलींची सैनिकी शाळा मात्र आहे, १९९७ सालापासूनची. वारा अनुकूल असला म्हणजे सकाळी आमच्या एका कानात कवायत येते आणि दुसऱ्या कानात पौड रस्त्यावरचे डंपर. यालाच शास्त्रात स्टीरिओ म्हणतात, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

आता रिसीव्हर. हा शब्द उच्चारला की वकील मंडळींच्या डोळ्यांसमोर भांडणात अडकलेल्या मालमत्तेवर कोर्टानं नेमलेला गृहस्थ उभा राहतो आणि बाकीच्यांना जुन्या टेलिफोनचा कानाला लावायचा दांडा आठवतो. आमच्या दिवाणखान्यातला रिसीव्हर या दोन्हींत बसत नाही. रेडिओ पकडणारा ट्यूनर आणि आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर एकाच पेटीत बसवले, मागच्या अंगाला तबकडी आणि टेप जोडायला भोकं ठेवली, दोन स्पीकरांच्या दोन वायरी बाहेर काढल्या, की झाला स्टीरिओ रिसीव्हर. रुपेरी तोंड, अंगावर लाकडाचा आव आणणारा कागद आणि पोटात भलामोठा ट्रान्सफॉर्मर. आमचा रिसीव्हर एका जपानी कंपनीच्या सगळ्यांत स्वस्त मालातला आहे. दुकानात शेठलोकांनी ज्याच्याकडे बघून "याच्या वरचं दाखवा" म्हटलं असेल, तो हा.

तर अशा या स्वस्त डब्याच्या निमित्तानं मी आपल्या घरांतल्या ऐकण्याचा इतिहास लिहायला बसलो आहे. लढायांचे इतिहास पुष्कळ झाले, पण कानांचा इतिहास कुणी मनावर घेत नाही. आपल्याकडे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची पद्धत असल्यामुळे तसं झालं असावं.

हा इतिहास सुरू होतो १९२७ साली, आणि तोही दोन ठिकाणी. त्या वर्षी २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन झालं आणि मुंबईची हवा बोलू लागली. कंपनी खासगी होती. ऐकणाऱ्यानं वर्षाला दहा रुपये लायसन्स भरायचं, त्यातला वाटा कंपनीला मिळायचा, असा बेत होता. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे काही चेष्टा नव्हे. तेवढ्यात शेजारच्या घरातली भांडणं वर्षभर फुकट ऐकता येत होती.

त्याच १९२७ साली घाटाखाली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. भिरा कोकणात, पण तिथं कोसळणारं पाणी आमच्या मुळशीचं. टाटांनी मुळा नदीवर धरण घातलं, त्यात मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जायच्या होत्या. १९२१ च्या रामनवमीपासून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले आणि तुरुंगातही गेले. तीन-साडेतीन वर्षं झगडून १९२४ च्या सुमारास लढा विझला. मग धरण झालं, देवळांसकट गावं पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याची वीज मुंबईला गेली. म्हणजे बघा, ज्या वर्षी मुंबईला दिव्यासाठी मुळशीचं पाणी मिळालं आणि कानासाठी रेडिओ मिळाला, त्या वर्षी मुळशीतल्या घरांत कंदीलच होते. रिसीव्हरची पिन भिंतीत खुपसताना मला दर वेळी हे आठवतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. लाइट गेली की मात्र हमखास आठवतं.

मुंबईची ती कंपनी १ मार्च १९३० ला दिवाळ्यात निघाली. म्हणजे आपल्या नभोवाणीला रिसीव्हरची पहिली निकड लागली ती वकिली अर्थानं! एप्रिलमध्ये सरकारनं ते लोढणं स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं आणि १९३६ साली त्याचं 'ऑल इंडिया रेडिओ' असं भारदस्त बारसं केलं.

त्यानंतरचा रेडिओ आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला. होय, पाहिलाच. रेडिओ तेव्हा आधी पाहायचा आणि मग ऐकायचा. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात तो मालकांच्या माजघरात, एका खास फळीवर बसलेला असे. वर विणलेला रुमाल आणि रुमालावर काचेचं हरीण. छताला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल. बटण दाबल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर काहीच होत नसे. तेवढ्या वेळात मालक घसा खाकरून घेत, जणू बातम्या तेच देणार आहेत. मग एक हिरवा डोळा उघडे आणि आतून माणूस बोलू लागे. हा डोळा नीट मिटला की स्टेशन बरोबर लागलं असं समजायचं.

रेडिओला पुढंही लायसन्स होतंच. वर्षाला पंधरा रुपये, पोस्टात भरायचे आणि पुस्तकात नोंद करून घ्यायची. पिस्तूल आणि रेडिओ या दोनच वस्तू मध्यमवर्गीय घरात परवान्याशिवाय ठेवता येत नसत, त्यांतलं पिस्तूल परवडण्यासारखं नव्हतं.

या पेटीत काय वाजावं यावर सरकारचं बारीक लक्ष होतं. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमवरच बंदी घातली आणि ती तीसएक वर्षं चालवली. गावोगाव देवळांत, नाटकांत, लग्नांत पेटी वाजत होती, फक्त रेडिओत पेटीला मज्जाव. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना दाराबाहेर उभं केलं. गाणी मुकाट्यानं समुद्र ओलांडून सिलोनला गेली आणि त्याच वर्षी 'बिनाका गीतमाला' होऊन परत आली. आमच्या वाड्यात त्यामुळे दोन पक्ष पडले. थोरले काका आकाशवाणीचे, धाकटे काका सिलोनचे. रेडिओ मालकांचा असल्यामुळे दोघांनाही मत होतं, सत्ता नव्हती. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारनं 'विविध भारती' काढून गाण्यांना घरात घेतलं आणि तेव्हा कुठं आमच्याकडे तह झाला.

मधल्या काळात २ ऑक्टोबर १९५३ ला पुण्याचं केंद्र सुरू झालं होतं. आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, त्या केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, सीताकांत लाड यांची योजना. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर मिळून ५६ गीतं. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. लोक आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून यायचे. कुणी रेडिओला हार घालायचे, कुणी उदबत्ती लावायचे. माजघरात पुरुष, ओटीवर पोरं, स्वयंपाकघराच्या दारात बायका, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक म्हातारी. रेडिओला स्पीकर एकच, जेवणाच्या ताटाहून लहान. तरी जिन्यावरच्या शेवटच्या म्हातारीला जे ऐकू यायचं ते पुढ्यात बसलेल्या मालकांना ऐकू यायचं त्याहून वेगळं नव्हतं. थोडं हळू, एवढंच. गायक डावीकडे उभा आहे की उजवीकडे, हे कुणी विचारलं नाही. तो रेडिओत उभा आहे एवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

एका तोंडातून येणाऱ्या या आवाजाला मोनो म्हणतात. मोनोची एक खोड आहे. त्याच्यापुढं चांगली खुर्ची आणि वाईट खुर्ची असा भेदच राहत नाही.

हा भेद निर्माण करण्याची कल्पना लंडनमध्ये निघाली. अॅलन ब्लमलिन नावाचा एक तरुण इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट पाहायला गेला होता, अशी गोष्ट सांगतात. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलत्याच ठिकाणाहून येतोय हे त्याला खुपलं. आवाज नटाच्या मागोमाग कसा चालवायचा ते मला सुचलंय, असं तो तिला म्हणाला. १९३१ च्या डिसेंबरात त्यानं त्याचं पेटंट मागितलं. होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला जाऊन पेटंट घेऊन आलेला दुसरा नवरदेव माझ्या माहितीत नाही. आम्ही फार तर शेंगा घेऊन येतो.

ब्लमलिनचं म्हणणं साधं होतं. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित जास्त ऐकू येतो. या 'किंचित'चा हिशेब मेंदू ठेवतो आणि आवाजाची जागा सांगतो. तेव्हा दोन वेगळे आवाज धरायचे, दोन वेगळ्या स्पीकरांतून सोडायचे, म्हणजे समोरच्या भिंतीवर सगळी मैफल मांडून बसलेली दिसते. कानाला दिसते! अट एकच. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा बरोबर त्रिकोण व्हायला हवा आणि ऐकणाऱ्यानं त्रिकोणाच्या टोकावर बसायला हवं. टोक एकच असल्यामुळे बसणाराही एकच.

व्यवहारात हे यायला वेळ लागला. १९५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि १ जून १९६१ ला अमेरिकेत एफएम रेडिओवर स्टीरिओ सुरू झालं. हे रेडिओचं काम ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार. त्यांच्यापुढं पेच असा होता की, लोकांच्या घरी लाखो जुने एका स्पीकरचे रेडिओ होते. डावा आणि उजवा आवाज वेगवेगळा पाठवला तर जुन्या रेडिओवाल्याला अर्धंच गाणं मिळणार. म्हणून त्यांनी मुख्य लहरीवर डावा अधिक उजवा अशी बेरीज पाठवली आणि वरच्या अंगाला, साध्या रेडिओला कळणार नाही अशा उंचीवर, डावा वजा उजवा अशी वजाबाकी. शिवाय १९ किलोहर्ट्झचा एक बारीक इशारा. जुना रेडिओ बेरीज ऐकतो आणि सुखी असतो. नव्या रिसीव्हरला इशारा मिळाला की तो बेरीज-वजाबाकीवरून डावं-उजवं वेगळं काढतो आणि तोंडावरचा लाल दिवा लावून आनंद व्यक्त करतो. नवं देताना जुन्याच्या ताटातलं काढून घ्यायचं नाही, हा विचार इतक्या मोठ्या कारखानदारांना सुचला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आपल्याकडे स्टीरिओ आलं ते घरात नव्हे, थिएटरात. १९६७ सालचा 'अराउंड द वर्ल्ड' आणि मग १९७५ सालचा 'शोले'. त्यात नाणं फेकलं की लोक आपल्या खुर्चीखाली वाकून बघत, असं सांगतात. यात स्टीरिओचा भाग किती आणि आपल्या काटकसरीचा किती, हे ठरवणं अवघड आहे.

तिकडं जपानी आणि अमेरिकन कंपन्यांत वॅटचं युद्ध पेटलं होतं. आकडे इतके फुगवले जात की १९७४ साली अमेरिकन सरकारला वॅट कसे मोजावेत याचा नियमच करावा लागला. तरी १९७८ साली पायोनिअरनं बाजूला १८५ वॅटचा एसएक्स-१२८० काढला, तो उचलायला दोन माणसं लागावीत असा. त्याच घराण्यातला धाकटा एसएक्स-४५० पंधरा वॅटचा होता. आता यातली गंमत ऐका. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे पंधरा आणि दीडशे यांत फरक तो फक्त दुपटीचा. आणि गप्पांच्या पट्टीत गाणं ऐकायचं असेल तर दिवाणखान्याला एक वॅटसुद्धा पुरतो. बाकीचे वॅट शेजाऱ्यांसाठी असतात. त्यामुळे स्वस्त रिसीव्हर घेणारा माणूस गरीब असेल, पण शेजारधर्म पाळणारा असतो.

आमचा पंधरा वॅटचा धर्मात्मा १९७९ साली अमेरिकेहून माझ्या मेहुण्यांच्या सामानातून आला. हिचे थोरले बंधू बारा वर्षांनी कायमचे परत आले, ते हा डबा घेऊन. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची, तेव्हा मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो हे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिन लावण्यापूर्वी सांगून पाहिलं. "आप्पा, हा तिकडं सात वर्षं चाललाय," असं म्हणून मेहुण्यांनी बटण दाबलं. फट् असा आवाज झाला. अत्यंत स्वच्छ, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज! सुदैवानं फ्यूजवर निभावलं. दुसऱ्या दिवशी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आला. तो सतत घुंऽऽ करायचा. आप्पांना गाण्याचा कान होता. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, "हा पांढरी पाचला लागलाय. राहू दे. तंबोऱ्याचा खर्च वाचला."

पुढं मेहुण्यांनी नवं काहीतरी घेतलं आणि हा डबा आमच्याकडे कायमचा राहिला. मिडियम वेव्हवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला खणखणीत लागायचं, पण ते मोनो. शेजारी ८८ ते १०८ अशी एफएमची ऐसपैस पट्टी होती. तिच्यावर काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी नुसतं सूंऽऽ. एफएम आपल्या देशात १९७७ साली सुरू झालं होतं, पण मद्रासला, आणि एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्या काही पुण्याला येऊन पोचत नाहीत. हमरस्ता बांधून तयार होता, गाडी एकही नव्हती. आणि त्या रस्त्याच्या कडेला 'स्टीरिओ' असं लिहिलेला तो लाल दिवा, कायमचा विझलेला.

घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "हा कधी लागतो?"

"लागेल," आप्पा म्हणायचे. खेड्यात खांब उभे राहून गेले आणि वीज आली नाही म्हणजे लोक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

स्टीरिओची हौस मग तबकड्यांवर भागवायची. रविवारी सकाळी आप्पा दोरी घेऊन स्पीकरांपासूनचं अंतर मोजत, खडूनं फरशीवर खूण करत आणि तिथं खुर्ची मांडत. ती मधली खुर्ची. तिच्यावर डोळे मिटून बसले की तबला इकडं, पेटी तिकडं आणि गवई नाकासमोर. आप्पांनी खरोखर स्वर्ग अनुभवला. आम्ही मुलं दोन्ही बाजूंना बसायचो, आमच्या वाट्याला एकेक वाद्य यायचं. आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात, पोळ्या करता करता ऐकायची. ते दार उजव्या स्पीकरला लागून होतं. आईनं शेवटपर्यंत उजवाच स्पीकर ऐकला. गीतरामायणाच्या वेळी ती अशीच दारात उभी होती, पण तेव्हा दारातही सगळं गाणं पोचत होतं. "ये ना, बस जरा इथं," असं एकदा आप्पा खुर्चीवरून उठून म्हणाले. "बसते, एवढी कणीक संपू दे," आई म्हणाली. ज्यांनी मराठी घरात दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे की कणीक संपत नसते.

ऐंशीच्या दशकात कॅसेटचा पूर आला. आखातातून येणाऱ्या प्रत्येकाच्या काखेत टू-इन-वन दिसू लागला. दशकाच्या मध्यावर रेडिओचं लायसन्सही रद्द झालं. गमतीची गोष्ट अशी की, परवाना लागेनासा झाला आणि रेडिओ ऐकणाऱ्याची शान गेली. पुढं 'हजार वॅट पीएमपीओ' असं लिहिलेले प्लॅस्टिकचे डबे आले. पीएमपीओचा वॅट म्हणजे वधूपित्याला सांगितलेला पगार. आमचा पंधरा वॅटचा सत्यवचनी माळ्यावर गेला, तांब्याचा बंब आणि पाटा-वरवंटा यांच्या पंगतीला. आप्पा गेले, आई गेली, वाडा पाडून तिथं इमारत झाली. मधल्या खुर्चीची खडूची खूण फरशीसकट गेली.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं कासार आंबोलीला राहायला आलो तेव्हा सामानात तो निघाला. मी तो तापकीर गल्लीत नेला. तिथल्या पोरसवदा मेकॅनिकनं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "काका, यात मरण्यासारखं काही नाहीये." काट्याची दोरी तुटली होती, ती त्यानं कप्प्यांवरून नवी ओवली. व्हॉल्यूम फिरवताना खरखर व्हायची, ती कंट्रोल धुऊन घालवली. सुकलेले कंडेन्सर बदलले. जिथं जिथं डाख सुटला होता तिथं पुन्हा डाख दिला, कासार भांड्याला देतो तसा. सगळं हातानं, पुन्हा उघडता येईल असं. स्वस्त म्हणून ज्याला नाक मुरडलं होतं तो डबा उघडायला चार स्क्रू पुरे होते. आजकालच्या महागड्या वस्तू उघडायचं म्हटलं तर आधी त्या फोडाव्या लागतात.

मधल्या काळात एफएमवर गर्दी झाली होती. १९९३ साली मुंबईत खासगी कार्यक्रमांना वेळ विकत मिळू लागला, नव्या शतकात पुण्यातही स्टेशनं निघाली. कासार आंबोलीत मी पिन लावली, काटा फिरवला आणि तो लाल दिवा लागला! पंचवीस वर्षांहून अधिक काळ ज्याची वाट पाहिली तो दिवा. मी हिला हाक मारली. दोघं समोर उभे राहिलो. दोन्ही स्पीकरांतून, स्वच्छ स्टीरिओत, एक बाई सांगत होती की पिरंगुटजवळ वन बीएचके फ्लॅटचं बुकिंग सुरू आहे.

पण आमच्या आणि पुण्याच्या मध्ये डोंगर आडवे आहेत. लहर धापा टाकत पोचते. बेरीज कशीबशी येते, वजाबाकी वाटेत थकते आणि दिवा लुकलुकू लागतो, सूंऽऽ सुरू होतं. अशा वेळी 'मोनो' लिहिलेलं बटण दाबायचं. दिवा विझतो, सूंऽऽ थांबतं आणि गाणं पुढं येऊन बसतं. इतकी वर्षं ते बटण कुणी दाबलंही नव्हतं. पैसे स्टीरिओचे मोजल्यावर मोनो कोण ऐकतो?

मग मागच्या पावसाळ्यात मी आप्पांची एक तबकडी लावली. या खेपेला मधल्या खुर्चीवर हिला बसवलं. कणीक मी मळून ठेवली होती, सबब चालणार नव्हती. पाच मिनिटं झाली आणि ही म्हणाली, "अहो, तबलजी बाहेर पडवीत बसलाय का?"

मी डाव्या स्पीकरपाशी कान नेला. तबला उत्तम चालला होता. वायर हलवून पाहिली. तरी "लांब आहे" म्हणाली. अशा वेळी मेकॅनिक जे करतात ते मी केलं, दोन्ही वायरी अदलाबदल करून लावल्या. तबला उजवीकडे आला, पेटी डावीकडे गेली.

"हां, आला तबला," ही म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पण आता पेटीवाला कुठं गेला?"

रिसीव्हर ठीक होता. स्पीकर ठीक होते. डावीकडे जे काही जाईल ते हिच्यासाठी पडवीत जात होतं. डॉक्टरांनी पुढं यंत्र लावून, कागदावर रेघा काढून तेच सांगितलं. डावा कान बराच गेला आहे, तोही आज नव्हे, पुष्कळ दिवसांपासून. हाका मारल्या तरी ओ देत नाही म्हणून मी किती वेळा बोललो होतो, ते सगळे प्रसंग त्या रेघांवर ओळीनं मांडलेले होते. ही काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बरं झालं, कारण तरी कळलं. मला वाटायचं, हल्ली माणसंच हळू बोलतात."

त्या संध्याकाळी मी तीच तबकडी पुन्हा लावली आणि मोनोचं बटण दाबलं. डाव्याचं उजव्यात, उजव्याचं डाव्यात, सगळं दोन्हीकडे सारखं. ही या खेपेला मधल्या खुर्चीवर नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात निवडायची पालेभाजी घेऊन बसली होती.

"अहो," तिथूनच आवाज आला, "आले की सगळे परत."

खुर्ची मी भिंतीला लावून ठेवली आहे. कुणी पाहुणे आले म्हणजे पिशव्या ठेवायला बरी पडते.